घरच्या फोटोवर टाकलेलं पुराव्याचं ओझं : केट यांच्या मातृदिनाच्या फोटोचं प्रकरण

१० मार्च २०२४ च्या रविवारी ब्रिटनमध्ये मातृदिन होता. आपल्याकडे मे महिन्यात साजरा होतो तो वेगळा. ब्रिटनचा मातृदिन ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी येतो. त्या सकाळी केन्सिंग्टन पॅलेसच्या, म्हणजे युवराज विल्यम आणि त्यांच्या पत्नी केट यांच्या कार्यालयाच्या, एक्स आणि इन्स्टाग्राम खात्यांवर एक घरगुती फोटो आला. मध्ये बसलेल्या केट, म्हणजे प्रिन्सेस ऑफ वेल्स, आणि त्यांना बिलगून जॉर्ज, शार्लट आणि लुई ही तीन मुलं. सगळे हसत होते. खाली दोन महिन्यांतल्या सदिच्छांबद्दल आभार होते, मातृदिनाच्या शुभेच्छा होत्या, कॅथरीन या नावाच्या आद्याक्षराची 'सी' अशी सही होती आणि फोटो प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे विल्यम, यांनी २०२४ मध्ये काढल्याची नोंद होती.

त्याच रात्री मोठ्या वृत्तसंस्थांनी आपल्या ग्राहकांना हा फोटो काढून टाकायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी केट यांच्या नावाने माफी आली. त्यानंतर अकरा दिवसांनी, २२ मार्चला, त्यांनी स्वतः सांगितलं की शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांत कर्करोग आढळला असून केमोथेरपी सुरू आहे.

या प्रकरणाला सगळीकडे 'फोटोशॉपची चूक' असं नाव पडलं. आमच्या मते फोटोशॉप हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग आहे. घरच्या अल्बमच्या रीतीने तयार केलेला फोटो एका आजारी बाईच्या खुशालीचा पुरावा म्हणून जगभर पाठवला गेला. आणि पुरावा म्हणून पाठवलेल्या चित्राला जी तपासणी लागते, ती पाठवणाऱ्या कार्यालयाने केलीच नाही.

आधीचे आठ आठवडे

२०२३ च्या नाताळात सँड्रिंगहॅमच्या चर्चला जाताना केट लोकांना दिसल्या होत्या. १७ जानेवारीला पॅलेसने जाहीर केलं की त्या आदल्या दिवशी लंडन क्लिनिकमध्ये दाखल झाल्या असून पोटाची पूर्वनियोजित शस्त्रक्रिया झाली आहे. १० ते १४ दिवस रुग्णालयात राहतील आणि ईस्टरपर्यंत सार्वजनिक कामावर येण्याची शक्यता नाही. २९ जानेवारीला त्या घरी गेल्या. महत्त्वाचं काही असेल तेव्हाच कळवू, असंही पॅलेसने सुरुवातीलाच सांगितलं होतं.

यात खोटं काही नव्हतं, आणि ठरलेली मुदत त्यांनी पाळलीही. अडचण शेजारच्या घोषणेमुळे झाली. त्याच १७ जानेवारीला राजे चार्ल्स यांच्या वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार होणार असल्याचं जाहीर झालं आणि ५ फेब्रुवारीला त्यांच्या कर्करोगाचीही बातमी दिली गेली. एकाच घरात सासऱ्यांबद्दल इतकं मोकळेपण आणि सुनेबद्दल 'पोटाची शस्त्रक्रिया' एवढेच शब्द. लोक दोन निवेदनं शेजारी ठेवून वाचतात आणि जे गाळलंय त्याचा अर्थ लावू लागतात.

२७ फेब्रुवारीला विल्यम यांनी ग्रीसचे माजी राजे कॉन्स्टंटाइन यांच्या स्मरणार्थ विंडसरला होणाऱ्या प्रार्थनासभेला ऐनवेळी, 'वैयक्तिक कारण' सांगून, जाणं रद्द केलं. अफवांना खरा जोर चढला तो इथून. ४ मार्चला एका अमेरिकी संकेतस्थळाने आईच्या गाडीत बसलेल्या केट यांचा दुरून टिपलेला फोटो छापला. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी तो छापला नाही. म्हणजे ज्या देशात 'केट कुठे आहेत' हा प्रश्न सर्वांत मोठ्याने विचारला जात होता, तिथल्याच वर्तमानपत्रांत उत्तराचा फोटो नव्हता. रुग्णाच्या खासगीपणाचा मान राखणारी ती भूमिका आम्हाला योग्यच वाटते. पण तिचा एक परिणाम असा झाला की मातृदिनाचा फोटो हा शस्त्रक्रियेनंतरचा पहिला अधिकृत फोटो ठरला आणि सगळ्या प्रश्नांचा भार त्या एकाच चित्रावर आला.

फोटोत काय चुकलं होतं

सर्वांत ठळक चूक शार्लटच्या डाव्या हाताजवळ होती. स्वेटरच्या बाहीचं टोक मनगटापाशी अर्धवट विरून गेलं होतं. ही विसंगती असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने नावानिशी नोंदवली. शिवाय केट यांच्या जाकिटाच्या चेनची रेघ एका जागी सरकलेली, लुईच्या स्वेटरच्या विणीतली नक्षी एका ठिकाणी तुटलेली, काही बोटांच्या आणि केसांच्या कडा पुसट, आणि मागच्या पायरीची सरळ कड एका जागी जुळत नव्हती.

फोटो संपादनाचं काम करणाऱ्यांना हा नमुना ओळखीचा आहे. पॅलेसने नेमकं काय केलं ते कधीच सांगितलं नाही, त्यामुळे पुढचा अंदाज खुणांवरून केलेला आहे: एकापेक्षा जास्त फ्रेम, म्हणजे लागोपाठ टिपलेले वेगवेगळे फोटो, जोडलेल्या असाव्यात. तीन लहान मुलांचा फोटो काढताना एका फ्रेममध्ये एकाचे डोळे मिटतात, दुसरीत दुसरा मान वळवतो. मग सर्वांत बऱ्या फ्रेमवर दुसऱ्या फ्रेममधला चेहरा किंवा हात लेअर म्हणून, म्हणजे वरच्या थरासारखा, ठेवला जातो आणि मऊ ब्रशने कड मिसळली जाते. गवत, आकाश किंवा साध्या रंगाचा कपडा असेल तर ते खपून जातं. विणकाम, चेन, फरशी, खिडकीच्या चौकटी इथे खपत नाही, कारण तिथे नियमित नक्षी किंवा सरळ रेघ असते. दोन फ्रेममध्ये मूल दोन सेंटिमीटर हललं असेल तर नक्षी तेवढीच सरकते आणि डोळ्याला लगेच टोचते. नेमकं त्या दिवशी मुलांच्या अंगावर विणलेले स्वेटर होते.

फाइलमधल्या मेटाडेटात, म्हणजे फोटोसोबत आपोआप साठवल्या जाणाऱ्या माहितीत, आणखी तपशील होते आणि माध्यमांनी ते वाचून छापले. कॅनन ५डी मार्क ४ कॅमेरा, ५० मिलिमीटर लेन्स, ॲपलच्या संगणकावर फोटोशॉपमध्ये फाइल दोनदा जतन: ८ मार्चला रात्री ९ वाजून ५४ मिनिटांनी आणि ९ मार्चला सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी. संपादन झाल्याची नोंद फोटोच्याच पोटात होती. पाठवण्याआधी कुणी फाइलची माहिती उघडून पाहिली असती तर ती दोन मिनिटांत दिसली असती. मेटाडेटा पुसून पाठवावा असा याचा अर्थ मुळीच नाही. पुसलेला मेटाडेटा वृत्तसंस्थेला आणखी संशयास्पद वाटतो.

'किल' म्हणजे काय

वृत्तसंस्थेचा फोटो चुकला तर बहुतेक वेळा फोटोखालची ओळ दुरुस्त होते: नाव, तारीख, ठिकाण. 'किल' ही त्यापलीकडची पायरी. ग्राहक वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना सक्तीची सूचना जाते की हे चित्र सगळ्या यंत्रणांतून, संकेतस्थळांवरून आणि संग्रहातून काढा. असोसिएटेड प्रेसने आपल्या सूचनेत म्हटलं की बारकाईने पाहता स्रोताने चित्रात फेरफार केल्याचं दिसतं आणि बदली फोटो पाठवला जाणार नाही. रॉयटर्स आणि फ्रान्सची एएफपी या वृत्तसंस्थांनी आणि गेटी या छायाचित्र संस्थेनेही तेच पाऊल उचललं. ब्रिटनच्या पीए या वृत्तसंस्थेने पॅलेसकडे खुलासा मागितला आणि तो न मिळाल्याने सोमवारी फोटो मागे घेतला.

या संस्थांचे नियम घरगुती फोटोच्या चालीरीतीपेक्षा फार कडक असतात. कापणं, उजेड-सावलीची मर्यादित दुरुस्ती, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढणं एवढंच चालतं. चित्रात काही घालणं, काढणं, हलवणं चालत नाही. असोसिएटेड प्रेसच्या नियमांत तर फ्लॅशमुळे लाल झालेले डोळे काळे करायलाही मनाई आहे. लग्नाच्या अल्बममध्ये जे काम फोटोग्राफरचं कौशल्य मानलं जातं, ते इथे नियमभंग ठरतं.

एएफपीचे जागतिक वृत्तसंचालक फिल चेटविंड यांनी नंतर बीबीसी रेडिओवर सांगितलं की फेरफारामुळे किल करण्याची वेळ वर्षातून फार तर एखादेळी येते आणि याआधीची उदाहरणं उत्तर कोरिया किंवा इराणच्या सरकारी वृत्तसंस्थांची होती. केन्सिंग्टन पॅलेस अजून विश्वासू स्रोत आहे का, या प्रश्नावर त्यांनी 'मुळीच नाही' असं स्पष्ट उत्तर दिलं. त्यांच्याच सांगण्यानुसार मूळ फोटो मागितला होता आणि उत्तर आलं नव्हतं. आमच्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे. बाही चुकली ही शुक्रवार-शनिवारची गोष्ट. फोन उचलला गेला नाही ही रविवारची. पहिली चूक घरातली होती आणि क्षम्य होती, दुसरी कार्यालयाची होती.

वृत्तसंस्थांचाही एक दोष नोंदवायला हवा. फोटो सकाळी आला आणि किल रात्री गेला. मधल्या काळात तो जगभर वापरला गेला. विश्वासू मानलेल्या ठिकाणाहून आलेला हँडआउट फोटो, म्हणजे संबंधितांनीच माध्यमांना वाटलेला फोटो, पुरेसा मोठा करून न पाहता पुढे पाठवायचा, ही सवय यात उघडी पडली. पुढच्याच आठवड्यात गेटीने जुना संग्रह तपासला. केट यांनी २०२२ मध्ये बाल्मोरलला काढलेला आणि एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला राणी एलिझाबेथ आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांचा फोटोही मुळातच डिजिटल पद्धतीने सुधारलेला असल्याची टीप त्याला जोडावी लागली. जवळपास वर्षभर तो कुणाला खटकला नव्हता.

माफी कुणी मागायची

११ मार्चच्या सकाळी त्याच एक्स खात्यावर मजकूर आला. आशय असा: अनेक हौशी छायाचित्रकारांप्रमाणे मीही अधूनमधून संपादनाचे प्रयोग करते, काल दिलेल्या कौटुंबिक फोटोमुळे झालेल्या गोंधळाबद्दल दिलगीर आहे. खाली पुन्हा 'सी'.

माफी लवकर आली, साध्या शब्दांत आली, हे चांगलंच. तरी तिच्यात तीन उणिवा होत्या. काय बदललं ते सांगितलेलं नव्हतं. मूळ फोटो दिला नाही, आणि देणार नसल्याचं पॅलेसने कळवलं. तिसरी उणीव आम्हाला सर्वांत जास्त लागते: फोटो काढल्याचं श्रेय नवऱ्याचं, जगभर पाठवणारं कार्यालय पगारी माणसांचं, आणि माफीची सही केमोथेरपी घेत असलेल्या रुग्णाची. संस्थेच्या खात्यावरून गेलेल्या चित्राची जबाबदारी संस्थेने घ्यायची असते. 'हा फोटो आमच्या कार्यालयाने माध्यमांना दिला, तो तपासण्यात आम्ही कमी पडलो' असं एक वाक्य पुरेसं होतं.

गर्दीने काय केलं

चूक सापडलेला फोटो लोकांच्या हाती एक काम देतो. मोठा करा, लाल वर्तुळ काढा, पुन्हा पोस्ट करा. खऱ्या विसंगती बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्या पहिल्या दिवसातच सापडल्या. पण वर्तुळं थांबली नाहीत. मार्चमध्ये झाडांना इतकी पानं कशी, बोटात अंगठी का नाही, चेहरा एका जुन्या मासिकाच्या मुखपृष्ठावरून उचललाय, असे दावे सुरू झाले. दहा, आठ आणि पाच वर्षांच्या तीन मुलांची बोटं आणि हात लाखो अनोळखी माणसं तपासत होती. मुलांचा या सगळ्यात काहीही दोष नव्हता, आणि आईच्या आजाराबद्दल त्यांना समजावून सांगण्यासाठीच घरच्यांना वेळ हवा होता, हे नंतर कळलं.

विश्वास एकदा तुटला की खरं चित्रही खोटं ठरतं. माफीच्याच दिवशी विंडसरहून बाहेर पडणाऱ्या गाडीत विल्यम आणि केट यांचा फोटो एका छायाचित्र संस्थेने घेतला. मागच्या भिंतीच्या विटा जुळत नाहीत म्हणून तोही बनावट ठरवला गेला. संस्थेला सांगावं लागलं की फोटो फक्त कापला आणि उजळला आहे. १६ मार्चला विंडसरच्या फार्म शॉपमध्ये खरेदी करताना त्या दिसल्या, १८ तारखेला त्याची चित्रफीत आली, तर ती तोतया असल्याचं लोक सांगू लागले. कार्डिफ विद्यापीठाच्या अभ्यासकांना असंही आढळलं की रशियाशी जोडलेल्या एका अपप्रचार जाळ्याची खाती या अफवांना हवा देत होती. आग त्यांनी लावली नव्हती; जळत्या विषयात आपला मजकूर मिसळणं त्यांना सोपं गेलं.

हे फक्त पडद्यावर राहिलं नाही. लंडन क्लिनिकमधल्या कुणीतरी केट यांच्या वैद्यकीय नोंदी उघडण्याचा प्रयत्न केल्याचं वृत्त २० मार्चच्या सुमारास आलं आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने त्या तक्रारीची दखल घेतली. 'माहिती हवीच' असा दबाव किती खोल जातो ते यातून दिसतं.

२२ मार्चच्या संध्याकाळी बीबीसी स्टुडिओजने दोन दिवस आधी विंडसरमध्ये चित्रित केलेला, सव्वादोन मिनिटांच्या आसपासचा संदेश प्रसिद्ध झाला. त्यानंतर काहींनी जाहीर माफी मागितली. फोटोची थट्टा करणारी पोस्ट टाकलेल्या अभिनेत्री ब्लेक लाइव्हली त्यांपैकी एक. मुलांचे हात मोठे करून दाखवणाऱ्या बहुतेकांनी मागितली नाही.

असा फोटो हाताळताना

कलाकार, खेळाडू, पुढारी यांची खाती सांभाळणाऱ्यांना यातून घेण्यासारखं बरंच आहे. पोस्ट करण्याआधी पहिला प्रश्न फोटो कसा दिसतो हा नसावा. तो काय सिद्ध करण्यासाठी वापरला जाईल, हा असावा. आजारपण, घटस्फोट, गरोदरपण, वाद यांची अफवा चालू असेल तर घरगुती फोटोही पुरावाच मानला जाणार, तुमची इच्छा असो वा नसो. अशा वेळी एकच फ्रेम वापरा. चार चेहऱ्यांसाठी सलग तीस-चाळीस फ्रेम घ्या म्हणजे एक बरी सापडते. एका मुलाची मान वळलेली असली तरी तीच द्या. मान वळलेला फोटो घरचा वाटतो.

मूळ फाइल वेगळ्या ठिकाणी जशीच्या तशी ठेवा. पाठवण्याआधी फोटो दोनशे टक्के मोठा करून पाच जागा पाहा: बाह्यांची टोकं, बोटं, केसांच्या कडा, चेन किंवा बटणांची रांग, मागच्या सरळ रेषा. हे काम संपादन करणाऱ्याने करू नये. तासभर एकच चित्र पाहिलेल्या डोळ्याला चूक दिसत नाही. फ्रेम जोडलेल्या असतील तर ओळीतच तसं लिहा, आणि असं चित्र फक्त स्वतःच्या खात्यावर टाका. वृत्तसंस्थांना आणि वर्तमानपत्रांना हँडआउट म्हणून देऊ नका.

आपल्याकडे पत्रकारांना फोटो बहुधा व्हॉट्सॲपवर जातात. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि मेटाडेटा गळतो. मग वृत्तदालनाला तपासायला काही उरत नाही. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा मेलने पाठवा, आणि वृत्तदालनानेही तशीच मागावी.

पोस्ट रविवारी टाकायची असेल तर रविवारी फोन उचलणारा माणूस नेमलेला हवा, आणि त्याला मूळ फाइल देण्याचा किंवा फोटो मागे घेण्याचा अधिकार हवा. वृत्तसंस्थेने विचारल्यावर तासाभरात या दोनांपैकी एक व्हायला पाहिजे. स्वतःहून मागे घेतलेल्या फोटोची बातमी एक दिवस चालते. दुसऱ्याने किल केलेल्याची किती चालते ते या प्रकरणात दिसलं.

आणि रुग्णाला फोटो द्यायचाच नसेल तर तोही त्याचा हक्क आहे. मातृदिनी एखादं हाताने लिहिलेलं शुभेच्छापत्र दिलं असतं, तर अफवा थांबल्या नसत्या. पण त्यात बाहीही नसती आणि चेनही नसती.

मातृदिनाचा मूळ फोटो कधीच प्रसिद्ध झाला नाही. वादातला फोटो इन्स्टाग्रामवर तसाच राहिला आणि त्यावर 'बदललेलं चित्र' असा शिक्का बसला. कर्करोगाची बातमी सांगणाऱ्या संदेशालाही गेटीने टीप जोडली, की ही चित्रफीत त्रयस्थ संस्थेकडून आली आहे आणि ती आमच्या संपादकीय धोरणात बसेलच असं नाही. २३ एप्रिलला लुई सहा वर्षांचा झाला. केट यांनी काढलेला त्याचा फोटो नेहमीप्रमाणे आला, आणि त्यात काहीही संपादन केलेलं नाही, हे या वेळी माध्यमांना वेगळं सांगण्यात आलं.